ॲप आलं तरी रजिस्टर का सुटत नाही

सोलापुरात मदतकार्य करणाऱ्या एखाद्या संस्थेत पुण्या-मुंबईकडचं कुणी रुजू झालं, की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो: मोबाइलवर फॉर्म भरला, मग तीच नावं रजिस्टरात परत कशाला? ‘आपल्याकडं असंच असतं’ असं उत्तर मिळतं. खरं उत्तर दुष्काळात आहे.

१९७२ साली जिल्ह्यात खडी फोडायची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं निघाली. हजेरी मस्टरवर, मजुरी अंगठा उठवून. मस्टरवर नाव नाही, तर दिवस बुडाला. उलट माणूसच नाही पण नाव आहे, अशी बोगस मस्टरंही निघायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला, १९७९ पासून लागू झाला आणि हजेरीपट हा मजुराच्या हक्काचा पुरावा ठरला. जुन्या कार्यकर्त्यांचा कागदावरचा विश्वास तिथून आलेला आहे. त्याला मागासपणा म्हणणं मला पटत नाही.

पुढचा थर किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातल्या अनेक जखमींवर सोलापुरात उपचार झाले. नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन सुरू झालं आणि या भागातल्या स्वयंसेवी कामात प्रोजेक्ट, तिमाही अहवाल, बजेट हेड ही भाषा रुळली. सतरंजीवरच्या बैठका खुर्च्यांवर गेल्या. हाका मात्र तशाच राहिल्या: ऑफिसात ‘सर’, गावात फिरणारी कार्यकर्ती ‘ताई’. सरांपुढं ताई सहसा ‘जमत नाही’ म्हणत नाही. ॲप अडतंय हे मग अहवालाच्या आदल्या दिवशी कळतं. माझ्या मते तंत्रज्ञानाच्या निम्म्या अडचणी या गप्प बसण्याच्या आहेत.

उरलेल्या निम्म्या मात्र खऱ्याच आहेत. कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दाखवणारं युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीच्या फॉन्टात टाइप केलेला अहवाल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला, की नुसती चिन्हं दिसायची, त्यात भारनियमन. आता मोबाइलवर माहिती भरायची कोबोसारखी ॲपं रेंज नसतानाही फॉर्म साठवून ठेवतात, ही मोठीच सोय. पण फॉर्म मराठीत, आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागात विडी कामगार बाईशी बोलायचं तेलुगूत, अक्कलकोटकडं कन्नडमध्ये. कार्यकर्ती तोंडी भाषांतर करते, बटण दाबते. तिनं प्रश्न नेमका कसा विचारला, हे डेटात कुठंच उतरत नाही.

आणि पैसा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, शिवाय मोठ्या संस्थेनं असा निधी छोट्या संस्थेकडं वळवण्यावर बंदी आली. वीजबिल, फोन, ऑफिसातली यंत्रं हे सगळं त्याच २० टक्क्यांत बसवायचं. छोट्या संस्थेत त्यामुळे ॲप फुकटचं निवडतात आणि ते चालतं कार्यकर्तीच्या स्वतःच्या फोनवर. मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओही त्याच फोनमध्ये. जागा भरली की घरात आधी काय डिलीट होतं, ते सांगायला नको.