दोन घरांचा विषय: एफईएमच्या अभ्यासक्रमामागची गोष्ट

मेकॅनिकलचे विद्यार्थी फायनाइट एलिमेंट मेथड, म्हणजे एफईएम (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून तिचं गणित सोडवायची पद्धत), हा विषय निवडतात तो बहुधा लाल-निळ्या स्ट्रेस प्लॉटच्या, म्हणजे ताणाच्या रंगीत चित्रांच्या, ओढीनं. वर्गात मात्र आधी दोन-तीन स्प्रिंगा जोडून स्टिफनेस मॅट्रिक्स (बल आणि सरकणं यांचं नातं सांगणारा आकड्यांचा तक्ता) मांडायचा असतो. तो हाताला बसतोय तोच फळ्यावर गॅलर्किन, वेटेड रेसिड्युअल आणि वीक फॉर्म (समीकरण प्रत्येक बिंदूवर न पाळता सरासरीनं पाळायच्या गणिती युक्त्या) अवतरतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे पुष्कळांना सेमिस्टर संपेपर्यंत उमगत नाही. त्यांचा फारसा दोष नाही, कारण हा विषय वाढलाच दोन वेगळ्या घरांत.

पहिलं घर विमानवाल्यांचं. लांब, सरळ पंखाला बीम थिअरी (तुळईचं गणित) पुरायची. बुटक्या, रुंद डेल्टा पंखापुढे ती लंगडी पडली. १९५२ च्या उन्हाळ्यात बर्कलीचे रे क्लफ बोइंगमध्ये काम करायला गेले. पंख म्हणजे दांड्यांची जाळी असं धरून त्यांनी गणित केलं, पण उत्तर प्रयोगाशी जुळेना. पुढच्या वर्षी तिथल्या टर्नर यांनी सुचवलं, की पंखाच्या पत्र्याचे त्रिकोणी तुकडे करून पाहा. उत्तरं सुधारली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा निबंध १९५६ मध्ये आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. इकडे लंडनमध्ये आर्गिरिस १९५४-५५ मध्ये एनर्जी थिअरमवर लेखमाला लिहीत होते.

दुसरं घर गणितवाल्यांचं, आणि ते जुनं. रिट्झ यांची पद्धत १९०९ ची, गॅलर्किन यांची १९१५ ची. १९४३ मध्ये कूरांट यांनी टॉर्शनच्या (पिळाच्या) प्रश्नासाठी छेदाचे त्रिकोण पाडून प्रत्येकावर सरळ रेषेत बदलणारं फंक्शन धरलं होतं. म्हणजे कल्पना जवळपास तीच! पण ती राबवायला कॉम्प्युटर नव्हता, आणि इंजिनिअर ते वाचत नव्हते. दोन्ही वाटा एकच आहेत हे १९६० च्या दशकात नीट लक्षात आलं. झिएन्कीविच आणि चेउंग यांनी १९६५ मध्ये हीच पद्धत फील्ड प्रॉब्लेमना, म्हणजे उष्णतावहनासारख्या प्रश्नांना, लावली. उष्णतावहनात ना बल असतं ना स्प्रिंग, तिथे वीक फॉर्मच कामी येतो. माझ्या मते फळ्यावरच्या त्या रटाळ वाटणाऱ्या तासांचं खरं समर्थन हेच.

स्प्रिंगांचे तासही वाया जात नाहीत. दोन नोडच्या (टोकांवरच्या जोडबिंदूंच्या) बारचा मॅट्रिक्स घ्या: क्षेत्रफळ गुणिले यंग्ज मॉड्युलस भागिले लांबी, आणि आत १, −१, −१, १. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य, डिटर्मिनंटही शून्य. बार कुठेच पकडलेला नाही, त्यामुळे तो आख्खा सरकू शकतो, एवढंच गणित सांगतंय. एक नोड पकडा, उत्तर मिळतं. पुढे सॉफ्टवेअर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून अडून बसलं, की पहिल्यांदा हेच तपासायचं.

आयसोपॅरामेट्रिक एलिमेंट (वाकड्या कडांचेही चालणारे तुकडे) आणि पॅच टेस्ट (एलिमेंट बरोबर वागतो का याची चाचणी) ही आयर्न्स यांची देणगी. नासानं नॅस्ट्रान हे एफईएमचं सॉफ्टवेअर घडवलं तेही १९६० च्याच दशकात. तिथून ही पद्धत विमानांपुरती राहिली नाही.

मेशच्या (तुकड्यांच्या जाळीच्या) धड्यात हमखास येणारं उदाहरण नॉर्वेचं. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवताना फुटला आणि बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. एफईएमच्या गणितात तीन पोकळ खांब जिथे मिळतात तिथल्या भिंतींतला शिअर (कातरणारं बल) ४७ टक्के कमी आला होता, त्यामुळे काही भिंती पातळ ठरल्या; सळ्यांची मांडणीही तिथे अपुरी होती. अपघातानंतर जास्त काळजीनं केलेल्या विश्लेषणात पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता.