सहा गुणांची रेषा कुठून आली? मूत्रसंसर्गाच्या लक्षण-प्रश्नावलीची पार्श्वभूमी

लघवीच्या दर मिलिलिटरमागे १ लाख जंतू असले तरच संसर्ग, हा निकष १९५०च्या दशकातला. जळजळ होणाऱ्या तरुण बायकांमध्ये १०० जंतूंनाही अर्थ असतो, हे १९८२मध्ये दिसले आणि एकट्या कल्चरवर (लघवीतले जंतू वाढवून मोजण्याच्या तपासणीवर) विसंबणे अवघड झाले. २००२च्या एका आढाव्याने तक्रारीचे पारडे आणखी जड केले: जळजळ आहे, सारखी लागते आणि अंगावरून पांढरे जात नाही, एवढ्यावर संसर्गाची शक्यता ९० टक्क्यांच्या पुढे जाते.

मग तक्रारच नीट मोजायला हवी. २०१४च्या सुमारास ताश्कंदमधून उझ्बेक आणि रशियन भाषांतली १८ प्रश्नांची प्रश्नावली पुढे आली, तीच एसीएसएस (अ‍ॅक्यूट सिस्टायटिस सिम्प्टम स्कोअर, म्हणजे मूत्राशयाच्या तीव्र दाहाच्या लक्षणांची गुणपत्रिका). सहा प्रश्न नेहमीच्या लक्षणांचे: सारखी लागणे, घाई, जळजळ, पूर्ण न झाल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त. चार प्रश्न वेगळ्या आजाराकडे बोट दाखवणारे, तीन रोजच्या जगण्यावरच्या परिणामाचे, पाच पाळी, गर्भारपण, मधुमेह अशा गोष्टींचे. लक्षणांना ० ते ३ गुण, तेही गेल्या २४ तासांपुरते.

ही प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतराची वाट ठरलेली आहे. दोघे स्वतंत्र भाषांतर करतात, दोन्ही मसुदे जुळवले जातात, मूळ न पाहिलेला तिसरा उलट भाषांतर करतो, मग मोजक्या रुग्णांना बसवून प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय कळले ते विचारतात. शेवटची पायरी घाईत उरकली की फसगत होते, कारण शब्दशः केलेले भाषांतर उलट फिरवल्यावर हमखास जुळते. मराठीत ‘उन्हाळी लागणे’ वापरले तर उलट भाषांतरात ‘जळजळ’ व्यवस्थित परत येईल. उन्हात पाणी कमी पडून होणारी आग त्यात मिसळली आहे, हे मात्र बाईशी बोलल्यावरच कळेल.

खरा वाद सहा गुणांच्या रेषेचा आहे. उझ्बेक आवृत्तीत नेहमीच्या लक्षणांचे ६ किंवा अधिक गुण धरल्यावर संवेदनशीलता (संसर्ग असलेल्यांपैकी किती पकडल्या गेल्या) ९४ टक्के आणि विशिष्टता (संसर्ग नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळल्या गेल्या) ९० टक्के आली. आकडे देखणे आहेत, पण तुलनेतल्या बायका कोण, यावर ते अवलंबून असतात. लघवीची तक्रारच नसलेल्या बायका समोर ठेवल्या तर कुठलीही प्रश्नावली हुशार ठरते. योनिदाह, अतिक्रियाशील मूत्राशय किंवा मूतखडा असलेल्या बायका घेतल्या की विशिष्टता खाली येते, आणि दवाखान्यात येतात त्या याच. शिवाय ९४ आणि ९० जसेच्या तसे धरले, तरी १०० जणींत ५० जणींना संसर्ग असेल तर ४७ बरोबर आणि ५ चुकीच्या पकडल्या जातात. १० जणींनाच असेल तर साधारण ९ बरोबर आणि ९ चुकीच्या. म्हणजे निम्म्या प्रतिजैविकांची गरजच नव्हती. शिवाय ‘सारखी लागणे’ या प्रश्नात दिवसाला चार वेळांपर्यंत शून्य गुण आहेत आणि ५-६ वेळांना एक. भरपूर पाणी पिणारी निरोगी बाईही तो गुण घेऊन बसते.

असे असूनही प्रत्येक नव्या भाषेत ही रेषा आपल्या रुग्णांवर पुन्हा न काढता उसनी घेण्याचा मोह होतो. क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांची आपसातली जुळणी मोजणारा आकडा) ०.७च्या वर आला की काम झाले, असे मानणे चूक आहे. प्रश्न आपसात जुळतात, एवढेच त्यातून कळते. रेषा बरोबर आहे की नाही, हे कळत नाही.

पुढे प्रश्नावलीचा उपयोग निदानापेक्षा औषधचाचण्यांत वाढला. अमेरिकी नियामकांच्या २०१९च्या मार्गदर्शनात लक्षणे जाणे आणि जंतू मिलिलिटरमागे १,०००च्या खाली येणे, दोन्ही लागतात. त्यातल्या लक्षणांसाठी प्रश्नावलीचा उपचारानंतरचा दुसरा भाग भरून घेतात. सकाळी वेदनाशामक घेतले असेल तर २४ तासांचे गुण फसवे कमी येतात, म्हणून गोळीची वेळ फॉर्मवर लिहून घ्यावी.