कमी आयुष्य, तरी दवाखान्याचा खर्च जास्त

"बीपी-शुगर म्हणजे पैसेवाल्यांची दुखणी" हे वाक्य सोलापुरात अजूनही सर्रास ऐकू येतं. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे "दवाखान्यावर जास्त खर्च श्रीमंतांचाच." एखाद्या वर्षाच्या बिलापुरतं ते खरं असेलही. जन्मभराची बेरीज मात्र वेगळं सांगते. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत असतात, खिसा बघून कुणी दाखल होणं टाळत नाही. तिथल्या 2016 सालच्या एका अभ्यासात दिसलं, की गरीब वस्त्यांतली माणसं कमी जगतात, पण त्यांच्यावरचा रुग्णालयाचा आयुष्यभराचा खर्च सधन वस्त्यांपेक्षा जास्त असतो.

असं का? कारणं पुष्कळ आहेत. मला त्यातलं मूत्रपिंडाचं कारण फार आवडतं.

एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या. त्या गर्भाच्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंत तयार होतात, पुढे एकही नवी बनत नाही. आईचं पोषण कमी पडलं, बाळ अडीच किलोच्या आत जन्मलं, की नेफ्रॉन कमी असण्याची शक्यता वाढते. आता गणित बघा. दोन्ही बाजूंचे मिळून 20 लाख नेफ्रॉन मिनिटाला 100 मिलिलिटर गाळत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 50 नॅनोलिटर येतात. नेफ्रॉन 12 लाखच असतील आणि काम तेवढंच, तर 83. यंत्रमागावरचा एक कामगार आला नाही की त्याचे माग उरलेल्यांच्या गळ्यात पडतात, तसंच हे. जादा दाबाने केशवाहिन्यांचे गुच्छ जखमी होतात, नेफ्रॉन बाद होतो आणि उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो. त्यात मीठ बाहेर टाकण्याची क्षमता घटते, रक्तदाब चढतो आणि चाळण्यांवर पुन्हा दाब येतो.

हे सगळं दुखत नाही. साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) बऱ्याचदा नॉर्मल दिसतं. विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. काही दुखत नसताना तिने दवाखान्याच्या रांगेत दिवस का घालवावा? एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी नेफ्रॉनमधून रक्त बाहेर नेणारी धमनिका सैल करते, आतला दाब उतरतो. ती गोळी वेळेत सुरू झाली नाही, तर पुढे डायलिसिस लागू शकतं: सहसा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. महात्मा फुले योजनेत डायलिसिस आहे, पण अक्कलकोटहून सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजी कुठल्या योजनेत बसते?

"आठ दिवसांत किडनी साफ" करणारे काढे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच. मेलेला नेफ्रॉन काढ्याने उगवत नाही, आणि काही वनस्पती तर मूत्रपिंडालाच घातक असतात.

त्यापेक्षा लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, तपासा. चाळणीची गळती त्यात दिसते, बहुतेकदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी.