कापसाचा भाव, सटोडिये आणि जुगारी

जुगारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बरबाद झालेला माणूस येतो, आणि शेअरवाला म्हटलं की हुशार माणूस. पण हे शब्द कुठून आले ते बघायला गेलं तर निदान मुंबईत तरी दोघंही एकाच गोष्टीवर पैसे लावत होते, ती म्हणजे कापसाचा भाव.

आधी थोडं जुनं. जुगार हा शब्द संस्कृत द्यूतकार वरून आला, म्हणजे मुळात तो खेळणाऱ्या माणसाचा शब्द, नंतर खेळालाच जुगार म्हणायला लागले आणि माणसासाठी ई लावून जुगारी केलं. ऋग्वेदात जुगाऱ्याला कितव म्हटलंय. अमरकोशात तर धूर्त हा शब्दसुद्धा जुगाऱ्याचाच एक प्रतिशब्द म्हणून दिलाय, आज आपण धूर्त म्हणजे नुसता लबाड समजतो. सट्ट्याचं मूळ मात्र वेगळं आहे, प्राकृतात सट्ट म्हणजे अदलाबदल, आपल्या साटंलोटं मध्येही तेच आहे. म्हणजे सट्टा हा मुळात व्यवहाराचा शब्द, त्याला फारसी बाज लागून सट्टेबाज झाला आणि गुजराती व्यापाऱ्यांकडून सटोडिया आला, दोन्हींचा अर्थ भावाच्या चढउतारावर पैसे लावणारा.

आता कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना म्हणून तो मुंबईतून जायला लागला, मुंबईत पैसाच पैसा झाला आणि तो सगळा शेअर्समध्ये गेला. प्रेमचंद रायचंद तेव्हाचे कॉटन किंग. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला आणि बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ वर आला, घरंच्या घरं बुडाली. प्रेमचंदही बुडाले, पण ते नंतर सावरले, आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे.

सटोडिया आणि जुगारी यांच्यातला फरक मग कायद्याने ठरवला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत, म्हणून वाद कोर्टात गेला की वायद्याच्या सौद्यात, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरा करायच्या सौद्यात, माल खरंच द्यायचा-घ्यायचा इरादा होता की नुसता भावातला फरक चुकता करायचा होता हे बघितलं जायचं. इरादा दिसला तर व्यापार, नाहीतर पैज.

फुटपाथवरच्या माणसाला असला इरादा दाखवायची सोयच नव्हती. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे ओपनिंग आणि क्लोजिंगचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचे आणि लोक त्यातल्या आकड्यांवर पैसे लावायचे, त्या जुगारालाच आकडा म्हणायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले, मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्रींनी न्यू वरळी मटका. आता आकडा काढायला आधी मडक्यातून चिठ्ठ्या, नंतर पत्ते. कापूस गेला पण ओपन आणि क्लोज हे शब्द तसेच राहिले, गिरणगावात सगळ्यांच्या तोंडी होते. ज्यांच्या हाताखालून रोज कापूस जायचा ते गिरणी कामगारच आकडा लावणाऱ्यांत मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट मला फार लागते. खत्री मटका किंग झाले आणि आणीबाणीत तुरुंगात गेले. दोन किंग, दोन्ही कापसातूनच आलेले, एकाच्या आईच्या नावाने टॉवर आणि दुसऱ्याचं नाव पोलिसांच्या वहीत.

पंटरचंही तसंच. इंग्रजीत पैज लावणारा तो पंटर, रेसकोर्सवर तोच अर्थ, पण मुंबईच्या गल्लीत पंटर म्हणजे भाईच्या टोळीतला पोरगा झाला.

आज ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, पैसे घालणारा स्वतःला ट्रेडर म्हणतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) मध्ये १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. त्यातल्या कुणालाही घरचे जुगारी म्हणत नाहीत, आणि आकडा लावणाऱ्या कामगाराला मात्र त्याच्या बायकोपासून पोलिसापर्यंत सगळे तेच म्हणायचे.