गल्ली की भाषा? सीमाभागातील घरगट मंडळ्यांच्या मूल्यांची पार्श्वभूमी

घरोघरी भरणाऱ्या लहान प्रार्थनागटांवर, म्हणजे घरगटांवर, उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांची मूल्ये कागदावर सगळीकडे जवळपास सारखीच दिसतात. देवाशी जवळीक, एकमेकांचा भार वाहणे, ऐकलेल्या बायबलवचनाप्रमाणे वागणे, प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही सेवा, शेजाऱ्यासाठी उघडे दार आणि गटातून नवा गट निघणे. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घोडे अडते ते शेवटच्या दोन मूल्यांपाशी, कारण इथे एकाच गल्लीत मराठी आणि कन्नड या दोन भाषा नांदतात.

या पद्धतीची मुळे बरीच मागे जातात, पण कामाचा धागा १७४२ सालचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायचे होते. बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमला गेला. त्याने दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची आणि ज्याला जमत नाही त्याची भर स्वतः घालायची. वसुलीसाठी घरोघर जाताना कोण दारूत बुडालाय, कुणाच्या घरी रोज भांडण आहे हे कळू लागले. वसुलीचा गट असा विचारपुशीचा आणि मग प्रार्थनेचा झाला. दुसरा टप्पा १९६४ चा, दक्षिण कोरियातल्या सोलचा. तिथल्या झपाट्याने वाढणाऱ्या मंडळीचा पाळक (पास्टर) आजारी पडला, घरसभा चालवायला पुरुष पुढे येईनात आणि ते काम स्त्रियांनी उचलले. आजच्या घरगटांच्या पुस्तिकांमध्ये ही आठवण हमखास असते. स्त्रियांना गटाचे पुढारीपण देताना मात्र ती अनेकांना सोयीस्करपणे विसरायला होते.

बेळगावात प्रोटेस्टंट मिशनचे काम १८२० साली सुरू झाले. लंडनच्या मिशनने ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलच्या त्याच मेथडिस्ट परंपरेतल्या अमेरिकन मिशनकडे सोपवले. म्हणजे बारा जणांच्या गटाचा वारसा हक्काने इथे यायला हवा होता. तसे फारसे झाले नाही, कारण तोवर खुद्द त्या परंपरेतच तो क्षीण झाला होता. शिवाय शाळा, मिशनचा बंगला आणि चर्च एका आवारात असले की आवारातली माणसे रोजच भेटतात, मग वेगळा गट कशाला? पुढच्या पिढ्या नोकरीधंद्यासाठी टिळकवाडी, वडगाव, उद्यमबागेच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत पांगल्या, तेव्हा रविवार सोडला तर भेटच उरली नाही. १९९० नंतर परदेशी पुस्तिकांच्या आधाराने घरगट आले ते या पोकळीत.

पुस्तिकांचा हिशोब सोपा आहे. गट सहा-आठ जणांनी सुरू करायचा आणि पहिल्या दिवसापासून एक सहाय्यक पुढारी तयार करायचा. बारा ते पंधरा जण झाले की विभागणी, आणि तिची कल्पना निदान तीन महिने आधी द्यायची. सभा दीड तासाची: पंधरा मिनिटे गीत, अर्धा तास वचनावर बोलणे, उरलेला वेळ प्रार्थना आणि सुखदुःख.

मराठी आणि कन्नड कुटुंबे एकत्र बसली की अर्ध्या तासाचे बोलणे सहज पाऊण तासाच्या पुढे जाते, कारण प्रत्येक वाक्य दोनदा होते. वेळ कापला जातो तो प्रार्थनेचा, म्हणजे एकमेकांचा भार वाहण्याचा. विभागणीची वेळ आली की माणसे आपोआप भाषेने वेगळी बसतात. इथून दोन तट पडतात. एक तट भाषेवार गटांच्या बाजूचा. त्याचा आधार आहे मध्य भारतात दीर्घकाळ काम केलेल्या एका मिशनऱ्याने १९५५ च्या सुमारास मांडलेला विचार: माणसाला आपली भाषा, आपली बिरादरी ओलांडायला न लावता विश्वासात येऊ द्यावे. तसे गट भराभर वाढतात, हे खरे. दुसरा तट म्हणतो की शेजार सोडला तर घरगटात उरते काय?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागात भाषा हा साधा प्रश्न राहिलेला नाही, आणि नेमके म्हणूनच भाषेवार विभागणी महागात पडते. वडगावात राहणारे मराठी कुटुंब तीन किलोमीटरवरच्या मराठी गटात जाऊ लागले, की रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर धावून येणारा शेजारी गटाबाहेरचा ठरतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात तर एवढे अंतरही हजेरी मोडते. मराठी गटातली मुले कन्नड माध्यमात शिकत असतील तर दहा वर्षांत त्यांना मराठी बायबल वाचणे जड जाते, मग तोही गट पुन्हा दुभाषी होतो. भाषेवार गटांनी प्रश्न सुटत नाही, लांबणीवर पडतो.

मिश्र गट टिकवायचे तर वाक्यागणिक भाषांतर आधी बंद करावे लागते. उतारा दोन्ही भाषांत एकेकदा वाचायचा आणि तीन प्रश्न दोन्ही लिपींत छापून हातात द्यायचे. बोलताना ज्याला जी भाषा येते ती. बहुतेकांना दुसरी समजते, बोलता येत नाही एवढेच. गीते दोन मराठी, दोन कन्नड. विभागणीच्या वेळी वाजवणारे, गाणारे आणि वाचणारे दोन्ही गटांत वाटावेत. सगळे जुन्या पुढाऱ्याबरोबर गेले तर मागे म्हातारी माणसे उरतात आणि गट वर्षभरात मिटतो. जिथे आजी-आजोबांना एकच भाषा येते, तिथे महिन्यातून एक सभा त्यांच्या भाषेत ठेवणे पुरते.

उघड्या दाराचे मूल्य मात्र अलीकडे भलत्याच कारणाने आक्रसले. धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक कर्नाटक विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावातच मंजूर केले. मे २०२२ मध्ये वटहुकूम आला, त्याच वर्षी कायदा. धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, आणि आमिषाच्या व्याख्येत रोख वा वस्तुरूप लाभ आला. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचे ठरवले, पण भीती शिल्लक राहिली. घरगटाची अडचण अशी की त्याची मदतच वस्तुरूप असते: आजारपणात डबा, शाळा सुरू होताना वह्या. म्हणून जाणते पुढारी गटात पैसा हाताळत नाहीत. मदत मंडळीच्या खात्यातून, पावतीवर, दोन सह्यांनी जाते, आणि गटात नव्याने आलेल्या घराला पहिले काही महिने मदतीच्या यादीत घेतले जात नाही. शेजाऱ्याला सर्वात आधी हात द्यावा असे मूल्य सांगते. व्यवहारात तो यादीत शेवटी येतो.