बाटलीवरचे 25 सेंट

जर्मनीतल्या सुपरमार्केटमध्ये पाण्याची प्लास्टिक बाटली घेतली की बिलात दोन रकमा येतात. एक पाण्याची आणि दुसरी 25 सेंट डिपॉझिटची. स्वस्त दुकानांत कित्येकदा पाणी आणि डिपॉझिट जवळपास एकाच किमतीचे असतात. त्यामुळे रिकामी बाटली फेकून द्यायला कुणाचा हात धजावत नाही. अशा सुमारे 98 टक्के बाटल्या आणि कॅन तिथे परत येतात. याचं श्रेय सगळे परतीच्या यंत्राला देतात. माझ्या मते ते कायद्याच्या कलमांना द्यायला हवं.

या कायद्याची सुरुवात 1991 ची. धुऊन पुन्हा भरायच्या बाटल्यांचा वाटा 72 टक्क्यांच्या खाली गेला, तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर डिपॉझिट लावायचं, अशी तरतूद तेव्हाच्या पॅकेजिंग नियमांत होती. वाटा घसरला आणि 1 जानेवारी 2003 पासून डिपॉझिट लागू झालं. पहिली तीन वर्षं मात्र ग्राहकांचे हाल झाले. मोठ्या स्वस्त साखळी दुकानांनी आपापल्या खास आकाराच्या बाटल्या काढल्या आणि फक्त त्याच परत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे एका दुकानात घेतलेली बाटली शेजारच्या दुकानात चालायची नाही. ही पळवाट 1 मे 2006 ला बंद झाली. जो दुकानदार डिपॉझिटच्या प्लास्टिक बाटल्या विकतो, त्याने अशी कुठल्याही कंपनीची प्लास्टिक बाटली परत घ्यायची, कॅन विकत असेल तर कुठलाही कॅन घ्यायचा. सूट फक्त 200 चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना, त्यांनी निदान स्वतः विकतात ते ब्रँड तरी घ्यायचे. मला या सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच नियम वाटतो.

आता यंत्राकडे वळू. दुकानाच्या भिंतीत एक गोल तोंड असतं. त्यात बाटली आडवी सरकवायची. आतले रोलर तिला जागच्या जागी फिरवतात आणि कॅमेरा बारकोड शोधतो. बारकोडची नक्कल सोपी असते, म्हणून लेबलवर डिपॉझिटचं एक चिन्ह खास शाईने छापलेलं असतं. ते खरं आहे का, हे यंत्र अवरक्त प्रकाशात तपासतं. आकार आणि वजनही पाहिलं जातं. बाटलीत पाणी उरलं असेल तर ती बाहेर येते. शेजारच्या देशातून आणलेली, ते चिन्ह नसलेली बाटलीही बाहेर येते. सगळं जुळलं की बाटली आत जाते आणि तिथेच चेपली जाते. एकाच बाटलीचे दोनदा पैसे उकळता येऊ नयेत, यासाठी हे चेपणं अत्यावश्यक आहे. शेवटी पावती मिळते, ती कॅश काउंटरवर वठवायची.

दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीच्या बाटलीचे पैसे दिलेले असतात, ते त्याला कोण देणार? यंत्राने वाचलेल्या प्रत्येक बारकोडची नोंद हिशेबाच्या यंत्रणेकडे जाते आणि ती बाटली ज्याने सर्वप्रथम बाजारात आणली त्याच्याकडून रक्कम वसूल होते. जी बाटली परत येतच नाही, तिचे 25 सेंटही त्याच्याचकडे राहतात. हे मला खटकतं. लोकांनी न मागितलेला पैसा कचरा व्यवस्थापनाकडे जायला हवा.

आपण घरात मात्र नेमकं उलटं करतो. भारतात पाण्याच्या बाटलीवर ‘वापरानंतर चुरगाळून टाका’ असं छापलेलं असतं, कारण रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी भरून ती पुन्हा विकली जाण्याची भीती असते. जर्मन यंत्राला चुरगाळलेली बाटली सहसा वाचता येत नाही.

या खटाटोपाचा वैज्ञानिक फायदा शुद्धतेत आहे. पेट म्हणजे पेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक. कचऱ्यातून वेचलेल्या पेटमध्ये तेल, माती, इतर प्लास्टिक मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याचा बराचसा भाग धाग्यांसाठी जातो. यंत्रातून आलेलं पेट जवळपास फक्त पेयांच्या बाटल्यांचं असतं, त्यापासून पुन्हा बाटली करता येते. ॲल्युमिनियमच्या कॅनचं तर विचारूच नका. बॉक्साइटपासून नवा धातू काढण्यापेक्षा जुना वितळवायला सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते.

कलमं वेगळी असली की काय होतं, ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दिसतं. तिथला डिपॉझिटचा कायदा 1986 चा आहे. तिथे दुकानांऐवजी भर स्वतंत्र संकलन केंद्रांवर ठेवला गेला. डिपॉझिट लहान बाटलीला 5 सेंट, मोठीला 10. केंद्रांची कमाई भंगाराच्या भावावर बरीच अवलंबून होती. भाव पडले, तशी केंद्रं बंद होत गेली, आणि ऑगस्ट 2019 मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली सगळी, म्हणजे 284 केंद्रं एकदम बंद केली. डिपॉझिट कापलं जातच राहिलं, पण ते परत घ्यायला अनेकांना लांब जावं लागू लागलं.

महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत पेट बाटल्यांच्या परतखरेदीची तरतूद होती, लिटरच्या बाटलीला 1 रुपया. गोव्याने 2024 मध्ये डिपॉझिट रिफंड योजना अधिसूचित केली. अशा योजनांत मी आधी तीन गोष्टी शोधते: रक्कम पुरेशी आहे का, प्रत्येक विक्रेत्याला बाटली परत घेणं बंधनकारक आहे का, आणि कचरावेचकाने आणलेल्या पोतंभर बाटल्यांना तेवढेच पैसे मिळणार आहेत का. जर्मन शहरांत कित्येक लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या शेजारी उभी ठेवतात, वेचणाऱ्याला आत हात घालावा लागू नये म्हणून.