फॅक्टर-एच प्रतिपिंडजन्य हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम
मुख्यतः शालेय वयातील मुलांना होणारा विरळा स्वप्रतिरक्षी मूत्रपिंडविकार. तांबड्या पेशींचे विघटन, प्लेटलेटची घट व मूत्रपिंडाचे अचानक निकामी होणे ही या लक्षणसमूहाची त्रयी झुरिचच्या गासर यांनी १९५५ मध्ये वर्णिली. तिचा नेहमीचा प्रकार जंतुविषामुळे, जुलाबानंतर उद्भवतो. प्रस्तुत प्रकारात मात्र कारण शरीरातच असते. फॅक्टर-एच हे प्रथिन पूरक प्रथिनसंहतीला (कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूंवर हल्ला करणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या साखळीला) स्वतःच्या पेशींवर हल्ला करू देत नाही. त्याच्याविरुद्ध, बहुधा पेशीपृष्ठाला चिकटणाऱ्या टोकाविरुद्ध, प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार झाली की केशवाहिन्यांचे अस्तर उघडे पडते, त्यांत गुठळ्या होतात आणि तेथून जाणाऱ्या तांबड्या पेशी फाटतात.

ही प्रतिपिंडे प्रथम २००५ मध्ये फ्रान्समधील ड्रॅगॉन-ड्युरे व सहकाऱ्यांनी तीन मुलांत दाखवली. युरोपातील रुग्णमालिकांत, जुलाबाशी संबंध नसलेल्या म्हणजे असामान्य (अटिपिकल) हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमच्या रुग्णांपैकी अशा रुग्णांचे प्रमाण साधारणपणे एक दशांशाच्या आसपास आढळते. भारतातील अशाच बालरुग्णांच्या मोठ्या मालिकांत ते निम्म्याहून अधिक आहे. या तफावतीचा उलगडा वादग्रस्त आहे. बहुतेक रुग्णांत सीएफएचआर-१ व सीएफएचआर-३ या, फॅक्टर-एचशी साधर्म्य असलेल्या प्रथिनांच्या जनुकांच्या दोन्ही प्रती लुप्त असतात; परंतु निरोगी भारतीयांतही सुमारे दहांत एकाला हाच लोप असल्याने केवळ त्यावर आजाराची वारंवारता टेकवता येत नाही. लोपाची पूर्वपीठिका व तिच्यावर एखाद्या संसर्गाची ठिणगी, हे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र तो संसर्ग कोणता हे निश्चित झालेले नाही.

उपचारात वेळ निर्णायक ठरते. प्रतिपिंड-तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, शक्यतो निदानाच्या संशयानंतर चोवीस तासांत, रक्तद्रव-विनिमय सुरू करतात. यात रक्तद्रव वेगळा काढून दात्याचा ताजा गोठवलेला रक्तद्रव दिला जातो, जेणेकरून प्रतिपिंडे कमी होतात व फॅक्टर-एच मिळते. प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत तो रोज, नंतर अंतर वाढवत करतात. लहान मुलांत मोठ्या शिरेत नळी घालावी लागत असल्याने हे कौशल्याचे काम आहे. केवळ विनिमयाने प्रतिपिंडे पुन्हा वाढतात, म्हणून जोडीला प्रेडनिसोलोन, आणि सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब ही प्रतिरक्षा दाबणारी औषधे देतात. पुढे त्याच प्रकारची मायकोफेनोलेट वा अझाथायोप्रिन ही औषधे दीड-दोन वर्षे चालू ठेवतात. पूरक संहतीतील सी-५ हे प्रथिन रोखणाऱ्या एक्युलिझुमॅब या औषधाला २०११ मध्ये अमेरिकेत असामान्य हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमसाठी मान्यता मिळाली. परंतु खर्च अवाढव्य असल्याने भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञ मुख्यतः विनिमय व प्रतिरक्षादमन यांवरच भर देतात. एक्युलिझुमॅब द्यायचे झाल्यास मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूविरुद्धची लस आवश्यक असते. प्रत्यारोपित मूत्रपिंडातही विकार उलटू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिपिंडांची पातळी खाली आणतात.